माळावरची सायकल आणि पुढचा ब्रेक



गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन सोलापूरहून तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावाच्या पुढे गेलो होतो. ओळखीच्या एका टेम्पोत दोघांच्या सायकली टाकल्या होत्या. गल्लीत ती एक हात सोडून सायकल चालवते. आता तिला रस्ता सोडून पाऊलवाटेवर, मुरमाच्या माळावर सायकल चालवायची होती. एका जागी वाट नाल्यात उतरत होती. उतार फार लांब नव्हता, चौदा-पंधरा मीटरच असेल. वरती उभे राहून मी तिला ठणकावून सांगितले, "मागचाच ब्रेक दाब. पुढचा दाबलास तर तोंडावर आपटशील."

तिने अगदी तसेच केले. मागचे चाक पूर्ण थांबले, मुरमात फरफटत गेले, आणि तरीही सायकलचा वेग वाढतच गेला. नाल्यातल्या धोंड्यावर ती आदळली. कोपराला तीन टाके पडले. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, मी ब्रेक सोडला नव्हता. तुम्हीच सांगितलं तसा शेवटपर्यंत दाबून धरला होता."

मी पदार्थविज्ञान शिकवतो. वर्गात घर्षण शिकवताना फळ्यावर उतरणीवरचा ठोकळा मी किती वेळा काढला असेल याची मोजदाद नाही. पण जो उपदेश माझ्या वडिलांनी मला केला होता तोच मी हिशोब न करता पुढे दिला. तो हिशोब आता तुमच्यासमोर करायचा आहे. तुमच्यापैकी काहींना धाकटी भावंडे असतील, काही शिक्षक मुलांना सहलीला माळावर नेत असतील. त्यांना तो उपयोगी पडेल.

पण ब्रेककडे वळण्यापूर्वी तोलाविषयी थोडे बोलू, कारण माळावर नवशिक्याची पहिली अडचण तीच असते.

सायकल उभी कशी राहते?

भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो, तशी चाके फिरतात म्हणून सायकल उभी राहते, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. हे उत्तर अपुरे आहे. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सायकलला एक जादा चाक बसवले आणि ते उलट्या दिशेने फिरवून मूळ चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम जवळजवळ नाहीसा केला. सायकल तरीही चालवता आली. दुसरे एक कारण सांगतात ते पुढच्या चिमट्याच्या तिरकेपणाचे. हँडलच्या दांड्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे मिळते, त्याच्या थोडे मागे चाक टेकलेले असते. त्यामुळे पुढचे चाक खुर्चीच्या फिरत्या चाकाप्रमाणे मागोमाग ओढले जाते. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी एका विलक्षण दुचाकीचे वर्णन छापले. तिच्यात हे दोन्ही परिणाम काढून टाकलेले होते, तरी ती ढकलल्यावर स्वाराशिवाय तोल सांभाळत धावत होती!

मग या सर्व सायकलींत समान काय? ज्या बाजूला सायकल कलते त्या बाजूला पुढचे चाक वळते, हे. तळहातावर उभी काठी तोलून धरताना तुम्ही काय करता ते आठवा. काठी उजवीकडे पडू लागली की हात उजवीकडे नेता. म्हणजेच आधार पडणाऱ्या गुरुत्वमध्याच्या खाली नेता. सायकल हेच करते. उजवीकडे कलली की चाक उजवीकडे वळते आणि टायरचे टेकलेले बिंदू पुन्हा गुरुत्वमध्याखाली येतात.

आता यात वेगाचा संबंध पाहा. वळणावर आवश्यक असलेले केंद्रगामी त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. हँडल तेवढेच वळवले तर त्रिज्या तीच राहते, पण वेग दुप्पट असेल तर तोल सावरणारा परिणाम चौपट होतो. म्हणून हळू चालणाऱ्या सायकलचे हँडल भरभर आणि खूप वळवावे लागते, तर वेगात असलेल्या सायकलला नुसता स्पर्श पुरतो. माळावर गेलेले मूल घाबरते, घाबरले की हळू चालवते, हळू चालवले की तोल जातो, आणि तोल गेला की अधिक घाबरते. हे चक्र तोडायचे तर पहिला धडा खडबडीत जागी देऊ नये. वाळलेल्या गवताची मोकळी, किंचित उतरती जागा शोधावी, जिथे पायडल न मारताही सायकल चालण्याच्या वेगाहून थोडी अधिक धावेल.

ज्याला सायकल मुळीच येत नाही अशा लहान मुलासाठी एक जुनी आणि उत्तम युक्ती आहे. दोन्ही पायडले काढून टाकावीत आणि सीट इतके खाली घ्यावे की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. मूल पायांनी जमीन ढकलत जाते, आणि दोन-तीन दिवसांत पाय उचलून घरंगळू लागते. जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस याने १८१७ साली जी पहिली दुचाकी चालवून दाखवली तिलाही पायडले नव्हती. म्हणजे मूल सायकलच्या इतिहासातूनच शिकत जाते म्हणा ना! पाना लावताना एक ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. तो नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर अधिकच घट्ट बसेल.

आमच्या लहानपणी भाड्याच्या दुकानातून तासावर मोठी सायकल आणून, नळीखालून पाय घालून "अर्धा पायडल" मारत आम्ही शिकलो. त्या आठवणी गोड आहेत. पण माळावर हे चालणार नाही. मुलाच्या मापाहून मोठ्या सायकलवर पाय टेकत नाहीत, गुरुत्वमध्य मागे-पुढे सरकवायला जागा राहत नाही, आणि ब्रेकच्या पट्टीपर्यंत बोटे पुरत नाहीत. "दोन वर्षांनी मोठी होईलच, मोठीच घेऊ" हा विचार कपड्यांना ठीक आहे.

घर्षणाची शिल्लक

डांबरी रस्ता आणि मुरूम यांतला खरा फरक खडबडीतपणाचा नसून घर्षणाचा आहे. आपला सोलापूरचा माळ म्हणजे अग्निजन्य काळ्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेला मुरूम. त्याचे सुटे खडे टायरखाली बारीक गोळ्यांसारखे घरंगळतात. हे तुम्ही स्वतः मोजू शकता. जुन्या टायरचे तुकडे कापून एका फळीला खालून खिळ्यांनी ठोका, वर एक वीट ठेवा, आणि तानकाट्याने फळी संथपणे आडवी ओढा. तानकाट्यावरचे बल भागिले फळी व वीट यांचे वजन, हा झाला घर्षणांक. मी आमच्या कॉलेजच्या मुलांबरोबर हा प्रयोग केला तेव्हा कोरड्या डांबरावर ०.७ च्या आसपास आणि सुट्या मुरमावर ०.४ च्या आसपास आकडे आले. तुमचे थोडे वेगळे येतील. तुमच्या जागेसाठी तुमचेच आकडे वापरा.

समजा वळणाची त्रिज्या ५ मीटर आहे. घर्षणाने मिळू शकणारे जास्तीत जास्त त्वरण म्हणजे घर्षणांक गुणिले ९.८. यावरून डांबरावर हे वळण सेकंदाला सुमारे ५.९ मीटर, म्हणजे ताशी २१ किलोमीटर वेगाने घेता येते. मुरमावर मात्र ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर वेगालाच घसरण्याची सीमा येते. गल्लीतली सवय घेऊन माळावर आलेले मूल पहिल्या वळणाला का घसरते, ते यातून कळते.

शिवाय घर्षणाची ही शिल्लक एकच असते. तीच वळण्यासाठी आणि तीच थांबण्यासाठी वापरायची असते. वळण्याचे बल आणि थांबण्याचे बल एकमेकांना काटकोनात असल्यामुळे पायथागोरसचा सिद्धान्त लागू पडतो. मुरमावर ०.४ पैकी ०.३ वळण्यात खर्च झाले, तर ब्रेकसाठी ०.१६ वजा ०.०९ याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.२६ उरते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ वाटेवर लावावा आणि वळणात सोडावा.

आता तो उतार

पुढच्या रविवारी मी एकटाच त्या नाल्यावर गेलो. कोनमापकाच्या मध्यबिंदूतून दोरा सोडून त्याला एक नट बांधला, कोनमापक एका सरळ फळीला चिकटवले आणि फळी उतारावर ठेवली. कोन १४ अंश आला. म्हणजे आडवे चार मीटर गेले की एक मीटर खाली. डोळ्यांना हा उतार मुळीच भयंकर दिसत नाही.

घरी सायकलची मापे घेतली. मुलगी ३० किलो, सायकल १२ किलो, एकूण ४२. मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीची फळी ठेवून तिला सीटवर बसवले, तेव्हा काट्याने २४ किलोपेक्षा किंचित अधिक दाखवले. म्हणजे बसलेल्या स्थितीत मागच्या चाकावर ५८ टक्के आणि पुढच्यावर ४२ टक्के भार. दोन्ही चाके जिथे टेकतात त्यांतले अंतर ९५ सेंटिमीटर होते. म्हणून गुरुत्वमध्य पुढच्या टेकबिंदूच्या ५५ सेंटिमीटर मागे असला पाहिजे. त्याची जमिनीपासून उंची अंदाजे ९० सेंटिमीटर धरू.

ब्रेक लागला की जमीन टायरला मागे ढकलते. पण हे बल अगदी तळाशी लागते आणि गुरुत्वमध्य वर असतो. त्यामुळे सायकल पुढे कलंडू पाहते, पुढच्या चाकावर भार वाढतो आणि मागच्यावरचा कमी होतो. बसमध्ये उभे असताना चालकाने ब्रेक मारला की आपला भार टाचांवरून चवड्यांवर येतो, तसेच हे आहे.

प्रथम माझा उपदेश तपासू. फक्त मागचा ब्रेक, चाक पूर्ण थांबलेले, घर्षणांक ०.४. मागच्या चाकावर ५८ टक्के भार असतो खरा, पण ब्रेक लागताच त्यातला काही पुढे सरकतो. आघूर्णांचा तोल मांडला की मागे ४२ टक्केच उरतो. ४२ टक्क्यांचे ०.४ पट म्हणजे जवळजवळ १७ टक्के. उतारामुळे जमिनीवरचा दाब थोडा कमी, म्हणून हे बल एकूण वजनाच्या सुमारे ०.१६ पट. आणि १४ अंशांच्या उतारावर खाली ओढणारे बल किती? वजनाच्या ०.२४ पट!

म्हणजे मागचे चाक पूर्णपणे आवळून धरले तरी सायकल थांबणे दूरच, तिचा वेग वाढतच राहणार. त्वरण सुमारे ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. वरून सेकंदाला २ मीटर वेगाने निघालेली मुलगी चार सेकंदांनंतर, चौदा मीटर खाली, सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने धोंड्यावर पोचली. तिने काहीही चुकवले नव्हते. ब्रेक कितीही जोराने दाबला असता तरी हेच झाले असते. शरीर सीटच्या मागे नेऊन मागच्या चाकावर भार वाढवला असता, तरी हिशोब ०.२१ पर्यंतच जातो आणि ०.२४ ला पुरत नाही.

दोन्ही ब्रेक लावले तर? मग सर्व भार घर्षणाच्या कामी येतो. वजनाच्या ०.३९ पट बल मिळते, त्यातून ०.२४ वजा जाता ०.१५ उरते, आणि सायकल सेकंदाला सुमारे १.४ मीटर या दराने मंदावते. २ मीटर वेगाला ती दीड मीटरच्या आत थांबते. या वेळी पुढच्या चाकावर ८० टक्के भार असतो, म्हणजे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. पण वेग आधीच ५ मीटर झाला असेल, तर थांबायला नऊ मीटर लागतात. सपाट डांबरावर हेच अंतर दोन मीटरांच्या जरा पुढे जाते. म्हणून उतारावर वेग वरूनच धरून ठेवायचा असतो. आधी वाढू द्यायचा आणि मग आवरायचा, हे तिथे जमत नाही.

मग वडील मंडळी खोटे बोलतात का?

नाही. तोंडावर आपटण्याची भीती खरी आहे, पण ती वेगळ्या जागची आहे. ब्रेकचे बल गुणिले ९० सेंटिमीटर हे आघूर्ण वजन गुणिले ५५ सेंटिमीटर याच्या बरोबरीला आले की मागचे चाक उचलले जाते. म्हणजे ब्रेकचे बल वजनाच्या ०.६१ पटीला पोचले की. सुट्या मुरमावर घर्षणच ०.४ च्या पुढे जात नाही, मग उलटणार कशी? तिथे त्याआधी चाक घसरते. पण डांबरावर किंवा उघड्या कोरड्या कातळावर घर्षणांक ०.७ असेल, तर पुढचा ब्रेक एकदम आवळल्यावर सायकल घसरण्याऐवजी स्वारावरून उलटते. गल्लीतल्या अनुभवातून आलेला उपदेश गल्लीत खरा आहे, माळाच्या उतारावर तो घातक ठरतो. (म्हणी आणि नियम यांची चलनसीमा तपासावी असे मी वर्गात नेहमी सांगतो. घरी ते कोण ऐकतो, मी स्वतःसुद्धा नाही!)

माळावर पुढचे चाक अचानक अडले तरीही उलटण्याचा धोका असतोच. धोंडा किंवा गाडीवाटेची खोल चाकोरी आडवी आली तर घर्षणांकाचा प्रश्नच उरत नाही. आणि १४ अंशांच्या उतारावर, बसल्या जागी, उलटण्याची सीमा फार लवकर येते. सपाटीवर सेकंदाला ६ मीटर या दराने मंदावता येत असे, ते उतारावर ३.४ वर येते. यावर उपाय शरीरच देते. मुलीने पायडलांवर उभे राहून, सीटच्या मागे सरकून, गुडघे वाकवले तर गुरुत्वमध्य पुढच्या टेकबिंदूपासून ७० सेंटिमीटर मागे आणि ८० सेंटिमीटर उंचीवर येतो असे धरा. हिशोब पुन्हा केला तर सीमा ५.९ वर जाते. उताराने जे हिरावून घेतले होते ते पंधरा सेंटिमीटर मागे आणि दहा सेंटिमीटर खाली सरकल्याने जवळजवळ सगळे परत मिळाले. सीट खाली घ्यायला सांगतात ते याचसाठी. सीट उंच असेल तर मागे सरकायला वाटच राहत नाही.

मुलाला हे शिकवायचे कसे? आधी सपाट मैदानावर. प्रथम कोणत्या हाताखाली कोणता ब्रेक आहे ते पाहा. आपल्याकडे सहसा उजवा हात पुढच्या ब्रेकचा असतो, पण सर्वच सायकलींत तसे असेल असे धरून चालू नका. खडूने किंवा फक्कीने आडवी रेघ मारा. त्याच वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावायचा, एकदा फक्त मागचा, एकदा दोन्ही, आणि थांबण्याचे अंतर टेपने मोजायचे. मुलांना उपदेशापेक्षा टेपवरचा आकडा पटतो. ब्रेक झटका देऊन ओढायचा नाही, लिंबू पिळावे तसा हळूहळू पिळायचा, एका किंवा दोन बोटांनी. उरलेल्या बोटांनी हँडल धरलेले असलेच पाहिजे. पुढचे चाक घसरतेय असे वाटले की तो ब्रेक क्षणभर सैल करायचा. घसरणाऱ्या चाकाला दिशा देता येत नाही, आणि आपण वर पाहिलेच की दिशा देता आली नाही की तोल संपला. हे सगळे अंगवळणी पडल्यावर मग पाच अंशांचा उतार, मग आठ, आणि मग त्याहून पुढे. अर्ध्या उतारावर थांबून पुन्हा निघता येते का हे प्रत्येक वेळी पाहा. ज्या उतारावर मूल मध्येच थांबू शकत नाही, तो उतार अजून त्याचा नाही.

ब्रेकमध्ये जाते ती ऊर्जा कुठे जाते याची एक गंमत सांगतो. डोंगरी सायकलींचा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला असलेल्या टॅमलपायस डोंगराच्या परिसरात सुरू झाला. १९७६ च्या ऑक्टोबरात तिथल्या काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर एका कच्च्या वाटेने उतरण्याची शर्यत लावली. वाट सव्वातीन-साडेतीन किलोमीटरची, उतार सुमारे चारशे मीटरचा. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या मध्यभागी, पायडल उलटे मारून लागणारा ब्रेक असे. तो इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ग्रीस पुन्हा भरावे लागायचे. म्हणून शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर चारशे मीटरची स्थितिज ऊर्जा सुमारे साडेतीन लाख ज्यूल होते. त्यातली काही हवेच्या विरोधात जाते. सगळी जर पाण्यात घातली, तर एक लिटर पाणी सोळा अंशांवरून उकळीपर्यंत तापेल. एवढी उष्णता एका मुठीएवढ्या ब्रेकमध्ये! वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

हवा, चाके आणि डोके

टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती, हे हवेच्या दाबावर ठरते. मुलीच्या मागच्या चाकावर सुमारे २४० न्यूटन भार आहे. सायकलवाल्याने ४० पाउंड हवा भरली तर टेकलेले क्षेत्र सुमारे ९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आगपेटीच्या अर्ध्याहून कमी. हवा २५ पाउंडावर आणली तर ते १४ चौरस सेंटिमीटर होते. टायर खड्यांवर बसतो, उडत नाही, आणि पकड सुधारते. हवा फार कमी केली मात्र, तर दगडाची कड ट्यूबला रिमवर चिरडते. हवेचा टायर मुळातच मुलांच्या सोयीतून प्रसिद्धीस आला. जॉन डनलॉप या बेलफास्टमधील पशुवैद्याने आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर धक्के खाते हे पाहून असा टायर बनवला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच्या कितीतरी आधी रॉबर्ट थॉमसन याने तीच कल्पना नोंदवली होती, पण तेव्हा तिला गिऱ्हाईक नव्हते.

चाक मोठे असेल तर धोंडा सोपा होतो. पाच सेंटिमीटर उंचीचा दगड चढायला २५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला त्यावरील भाराच्या ०.७५ पट आडवे बल लागते, ३३ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला ०.६२ पट. सूत्र तुम्हीच काढा, दगडाच्या कडेभोवती आघूर्ण घ्यायचे एवढेच. यासाठीच दगडावर पोचताना सीटवरून उठावे, पायडले आडवी ठेवावीत आणि कोपर-गुडघे सैल ठेवावेत. मग सायकल हलते, पण अंग फारसे हलत नाही. चढाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. गिअर आधीच हलका करावा आणि दमल्यास उतरून ढकलावे. त्यात कमीपणा नाही.

हेल्मेटविषयी मात्र वाद घालू नये. डोके सव्वा मीटरवरून पडले आणि खालचा दगड ते अडीच मिलिमीटरांत थांबवणार असेल, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या पाचशे पट होते. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा फेस पंचवीस मिलिमीटर चेपला तर तेच पन्नास पटीवर येते. एकदा चेपलेला फेस पुन्हा फुगत नाही. म्हणून पडल्यावर हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे लागते.

आपल्या माळाची काही खास पथ्ये

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत सकाळी आठनंतर मुलांना माळावर ठेवू नये. पावसाळ्यात मुरमाच्या वाटेवर जायला हरकत नाही, पण मध्ये काळ्या रानाचा पट्टा लागला तर सायकल खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. ओली काळी माती टायरला थर लावत जाते, ब्रेकमध्ये आणि चिमट्यात ठासते आणि चाक फिरेनासे होते. ओढा ओलांडला असेल तर ओल्या रिमवर ब्रेकचे रबर आधी पकडत नाही. पुढचा उतार येण्यापूर्वी दोन-तीनदा हलके दाबून रिम पुसून घ्या.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ भागात सायकली घेऊन शिरू नये. हे अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. माळढोक, धाविक, टिटवी हे सगळे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि खड्यांच्या रंगाची ती अंडी चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. इतर माळांवरही आहे ती वाट सोडून नवी वाट पाडू नका.

राहता राहिले काटे. बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. सराटा दिसत नाही आणि एका वेळी चार-पाच लागतात. पंक्चरचे सामान, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या बरोबर हव्यातच. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट अलगद फिरवून काटा शोधून काढा, नाहीतर शंभर पावलांवर पुन्हा तेच. मुलाला हे काम स्वतः करू द्या. आमच्या घरी आता हे काम मुलीकडेच आहे.

जानेवारीत आम्ही त्याच नाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी तिने स्वतः कोनमापक लावून उतार मोजला, आणि दोन्ही ब्रेक धरून, दोनदा मध्ये थांबून, खाली उतरली. वर येऊन तिने मला विचारले, "माझं दप्तर पाठीवर असतं तर?" दप्तर पाच किलोचे आणि त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ११० सेंटिमीटर उंचीवर, पुढच्या टेकबिंदूच्या ६५ सेंटिमीटर मागे आहे असे धरा. बसल्या स्थितीत उलटण्याची सीमा वाढते की कमी होते, आणि फक्त मागच्या ब्रेकने उतार पेलतो का, हे वरच्या आकड्यांवरून काढून पाहा.